धास्तीची, धाकाची, धसक्याची

लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा मला एकच शब्द येत होता. तशी मी सातवी पास. पत्रं लिहायचे, पेपरातलं राशिभविष्य सासूबाईंना वाचून दाखवायचे. पण आत काही हललं की तोंडातून बाहेर पडायचं ते एवढंच: कसंतरी होतंय. भूक लागली, कसंतरी होतंय. माहेरची आठवण आली, कसंतरी होतंय. हे माझ्याकडे बघून हसले, तरी मेलं कसंतरीच. आज ती मुलगी समोर आली तर आधी तिला एक चापट मारीन आणि मग विचारीन, अगं बये, कसंतरी म्हणजे कसं?

सासर फुलं पिकवणारं. मखमलाबादच्या वाटेवर मळा; शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. सासूबाईंना फुलांसाठी शब्दांची काही कमी नव्हती. पाटीत हात घालायच्या आणि न बघता सांगायच्या, "ह्ये दबलंय. ह्ये भिजकं हाय. ह्ये वरून ताजं दिसतंय, पण आत गाभा काळा पडलाय." फुलांची एवढी चौकशी करणाऱ्या त्या घरात माणसाच्या अवस्था मात्र दोनच होत्या. एक, बरं हाय. दुसरी, कसंतरी होतंय. दुसरी असली तर सुंठ उगाळून कपाळाला लावायची आणि परत कामाला लागायचं.

तिसऱ्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "उद्यापास्नं गंगेवर पाटी घेऊन तू बसायचं." गंगेवर म्हणजे नदीकाठच्या बाजारात. मी एकदा त्यांच्याबरोबर जाऊन आले होते. तिथल्या बायकांचे आवाज या काठावरून त्या काठाला जात. त्यातल्या एकीने माझी पाटी पायाने बाजूला सरकवली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी काय करावं? मी त्या पाटीमागे चालत गेले, कुत्र्याच्या पिल्लासारखी, आणि पाटी जिथे थांबली तिथे बसले.

मला त्या बाजाराची भीती बसली होती. एवढं साधं वाक्य. पण ते मला बोलता आलं नाही. भीती लहान मुलांना वाटते आणि ती भुताची असते, अशी माझी पक्की समजूत. मोठ्या बाईला बाजाराची भीती वाटते, असं कुणी बोलताना मी ऐकलंच नव्हतं. मग सकाळी पाटी भरून झाल्यावर मी ओट्यावर बसले आणि माझ्या खजिन्यातला एकुलता एक शब्द काढला.

"आत्याबाई, कसंतरी होतंय."

सासूबाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "कसंतरी म्हंजे?"

"कसंतरीच."

"उलटीवानी?"

आता मान हलवायला काय जातं, असं वाटून मी मान हलवली. सासूबाईंनी हातातली पाटी खाली ठेवली. शेजारी बसल्या. पदराने माझं तोंड पुसलं. लग्नापासून पहिल्यांदा त्यांचा हात माझ्या तोंडाला लागला होता. "बस निवांत," म्हणाल्या. "आता तू गंगेवर यायचं नाय. जड उचलायचं नाय."

त्यांनी काय धरलंय हे मला दुपारी कळलं, शेजारच्या बायका चिंचा घेऊन आल्या तेव्हा. तेव्हा तरी सांगावं की नाही? नाही. मी चिंचा खाल्ल्या. नंतर बोरं खाल्ली, आवळे खाल्ले, मीठ लावून पेरू खाल्ले. तीन आठवडे ही राणी सावलीत बसून आंबट खात होती आणि सासूबाई एकट्या दोन पाट्या घेऊन गंगेवर जात होत्या. रोज ठरवायचे, आज सांगीन. आणि रोज एक पेरू खायचे.

मग जे व्हायचं ते झालं. त्या घरात चार दिवस बाजूला बसायची पद्धत, त्यामुळे लपवायची सोय नव्हती. मी कोपऱ्यात जाऊन बसले. सासूबाईंनी बघितलं आणि त्या शेवंतीच्या वाफ्यात जाऊन उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या. बराच वेळ. फुलं तोडत नव्हत्या.

पाचव्या दिवशी मी न्हाऊन आले तेव्हा त्यांनी मला पाटावर बसवलं. मुठीत मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या घेतल्या आणि दृष्ट काढायला लागल्या. "आल्याची, गेल्याची. घरातलीची, दारातलीची. बाजारातलीची, पाटीवालीची." कुणाच्या तरी नजरेने त्यांचं नातवंड नेलं, असं त्या समजत होत्या. मी चेहरा म्हशीसारखा ठेवून बसले होते. पायाची बोटं मात्र पाटाची कड घट्ट धरून होती. त्यांनी खाली बघितलं असतं तर सगळं कळलं असतं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी कधीच सांगितलं नाही. पुढे मुलगा झाला, तो शाळेत गेला. त्याच्या वाढदिवसाला त्या न चुकता म्हणायच्या, "थोरलं आज ह्याच्यापरीस वीतभर उंच आस्तं." जाईपर्यंत म्हणत राहिल्या. एका भित्र्या मुलीला बाजारात जायचं नव्हतं, म्हणून त्यांनी उरलेला सगळा जन्म एक मूल मनात वाढवलं. माझ्या मूर्खपणाच्या सगळ्या गोष्टी मी हसून सांगते, या गोष्टीत पेरूपर्यंतच हसता येतं.

आज हे आठवायचं कारण माझी नात.

नऊ वर्षांची आहे, चौथीत. आमच्या मळ्याचे आता दहा गुंठे उरलेत, चहूबाजूंनी इमारती. मुलगा अंबडला कंपनीत, सून बँकेत. दोघं सकाळी जातात. नात शाळेच्या व्हॅनने जाते आणि दुपारी मी तिला गरम पोळी करून वाढते. हे दिवाळीपर्यंत सुरळीत चाललं होतं. दिवाळीनंतर एका सोमवारी व्हॅनचा हॉर्न वाजला आणि ही पोट धरून दारात बसली.

"पोटात दुखतंय."

एक दिवस ठीक. दोन दिवस ठीक. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं चांगलं. तरी ती खाईना. दोन घास खाऊन ताट सरकवायची. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. व्हॅन गेली की पोट थांबायचं, मग दिवसभर माझ्या मागे मागे. मी मोरीत गेले तर दाराबाहेर उभी. फोन वाजला की माझ्याआधी उचलायची, आधी कोण आहे ते विचारायची, मग फोन घेऊन दुसऱ्या खोलीत. बेल वाजली की तीच पळायची.

शाळेने भावनांचा एक तक्ता दिला होता, सुनेने तो फ्रिजवर लावला होता. चार गोल तोंडं: आनंद, राग, दुःख, भीती. मी तिला तिथे नेऊन विचारलं, "यातलं तुझं कुठलं?"

तिने नीट बघितलं. "यात पोट नाहीये."

मला हसू आलं आणि लगेच अंगावर काटा आला. ही म्हणजे तेव्हाची मीच होते. ओट्यावर बसलेली. कसंतरी होतंय म्हणणारी.

आणि मग मनात नको नको ते यायला लागलं. पेपरात काय काय छापून येतं. व्हॅनमध्ये कुणी काही, शाळेत कुणी काही. मी ते मनातही पुरतं उच्चारू शकत नव्हते. सुनेच्या डोळ्यांतही तेच दिसायचं. आम्ही दोघी भाजी निवडताना एकमेकींकडे बघायचो आणि मेथीबद्दल बोलायचो. सून शाळेत जाऊन आली. बाईंनी सांगितलं, वर्गात सगळ्यांची लाडकी आहे. व्हॅनमधल्या मावशी तर तिच्यासाठी रडल्या. कुठे काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही याचीच जास्त भीती.

एक दुपार विसरता येत नाही. माझा डोळा लागला होता. नाकाखाली काहीतरी हुळहुळलं म्हणून जाग आली. बघते तर ही माझ्या उशाशी बसलेली, आणि तिचं बोट माझ्या नाकाखाली धरलेलं.

"काय गं?"

"काही नाही. माशी होती."

माशी नव्हती. मी कूस बदलली आणि डोळे मिटून पडून राहिले. छातीत धडधडायला लागलं. पोरीला बाहेरचं काही लागलंबिगलं की काय? माझी आजी असंच म्हणाली असती. मी शिकलेली, सातवी पास, पण त्या दुपारी मीही तेच म्हणाले.

छातीत धडधडणं तसं माझ्यासाठी नवीन नव्हतं. दसऱ्याच्या आधीपासून जिना चढताना दम लागायचा. मुलाने मोठ्या दवाखान्यात नेऊन तपासण्या केल्या. रिपोर्ट आला तेव्हा म्हणाला, "वयाचं आहे आई. गोळ्या घ्यायच्या आणि दगदग करायची नाही." मी लगेच पटवून घेतलं. त्यानंतर सून मला पाण्याची बादली उचलू देईना, पीठ मळू देईना. मी शेजारणींना सांगत सुटले की आमची सून आता कशी सुधारली. अक्कल वयाबरोबर येते म्हणतात, माझी वाटेत कुठेतरी उतरली असावी.

शेवटी मी ठरवलं, हिची दृष्ट काढायची. सून म्हणाली, "आई, आता हे पण?" मी म्हटलं, "मीठ-मोहरीने कुणी मरत नाही." खरं म्हणजे माझ्या मनात दृष्ट नव्हती. माझ्या मनात पाटाची कड होती.

दिवेलागणीला तिला पाटावर बसवलं. पाय पुढे, बोटं कडेला. मुठीत मीठ, मोहरी, मिरच्या घेतल्या. दृष्ट काढताना समोरच्याने बोलायचं नसतं, हे तिला माहीत आहे. त्यामुळे ती बिनघोर बसली, आता आजी काही विचारणार नाही म्हणून. मी मूठ डोक्यापासून पायापर्यंत ओवाळली आणि सासूबाईंची यादी सुरू केली. आल्याची, गेल्याची, घरातलीची, दारातलीची. मग हळूच पुढे जोडत गेले. व्हॅनची. बोटं सैल. बाईंची. सैल. गणिताची. अंगठा जरासा हलला, पण तो आमच्या घरात सगळ्यांचाच हलतो. मैत्रिणींची. सैल. मारणाऱ्याची, हात लावणाऱ्याची. इथेही बोटं सैलच होती. त्या क्षणी मी आतून किती मोकळी झाले, ते माझं मला माहीत.

मग कुणाची, कशाची भीती आहे हिला? माणसं संपली होती माझ्याकडची. म्हणून मी भीतीचीच सगळी नावं काढली. पन्नास वर्षांत कुठून कुठून गोळा झाली होती, माझी मलाच कल्पना नव्हती.

"भ्यायल्याची, बिचकल्याची. दचकल्याची, भेदरल्याची. काळजीची, घोराची. धास्तीची, धाकाची, धसक्याची."

दहाही बोटं पाटाच्या कडेला रुतली. नखं पांढरी झाली.

मी थांबले नाही. लाजेची, रुसव्याची, रागाची. बोटं सुटली. पुन्हा फिरून आले, दडपणाची, धडकीची, धसक्याची. पुन्हा रुतली.

मुठीतली मोहरी घामाने भिजली होती. ती विस्तवात टाकायची असते. मी ती तशीच धरून तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"धसका म्हणजे काय, माहीत आहे तुला?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मग हो म्हणून हलवली.

"कुणी सांगितलं?"

"मी नाही सांगणार."

"का गं?"

"सांगितलं की तू मरशील."

खोलीत दिवा लागलेला होता, बाहेर पोरं खेळत होती. मी हसून काहीतरी बोलणार होते. जमलं नाही. नुसतं म्हटलं, "सांग."

"नाही."

"मी बसलेय. भिंतीला टेकते, मग सांग. पडले तर मागे भिंत आहे."

मी सरकून भिंतीला टेकले. तिने मी नीट टेकले आहे ना, ते बघितलं. मग एकेक शब्द करून सांगितलं. रिपोर्ट आला त्या दिवशी ती पाण्याची बाटली भरायला स्वयंपाकघराशी गेली होती. आत माझा मुलगा सुनेला सांगत होता: आईच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नाही, ऑपरेशन लागणार आहे. पण तिला एवढ्यात सांगायचं नाही. ऑपरेशनचं नाव काढलं तर धसक्यानेच जाईल ती.

"मग मी वर्गात विचारलं, धसका म्हणजे काय. एक मुलगी म्हणाली, कुणी वाईट सांगितलं की माणूस जागच्या जागी मरतो, ते."

म्हणून ती शाळेत जात नव्हती. ती पहारा देत होती. तिच्या मागे कुणी फोनवर, कुणी दारात मला ती गोष्ट सांगितली तर मी एकटी मरून पडेन, म्हणून. पाच आठवडे तिच्या पोटात ती गोष्ट होती. डॉक्टरांच्या मशीनमध्ये ती कशी दिसणार?

बोलून झाल्यावर तिने माझ्या छातीवर तळहात ठेवला आणि वाट बघत बसली. खोटं कशाला सांगू, मीही वाट बघत होते. आत धाडधाड चाललं होतं, मध्येच एक ठोका गळायचा, मग पुन्हा चालू.

"मेले का?" मी विचारलं.

"नाही."

"बघ नीट."

"खूप जोरात वाजतंय, आजी." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुला काय होतंय?"

जिभेवर आलंच होतं. पन्नास वर्षांची सवय. काही नाही गं, कसंतरी होतंय. पण तिचा हात छातीवर होता, आणि हाताला खोटं कळलं असतं.

"धडकी भरलीय," मी म्हटलं.

"धसका नाही?"

"नाही. धसका झालेल्या गोष्टीचा बसतो आणि वर्षानुवर्षं उठत नाही. धडकी एकदम भरते आणि उतरते."

"आणि मला काय झालं होतं?"

"तुला धास्ती. अजून न झालेल्या गोष्टीची. ती रोज उठून पोटात येऊन बसते."

तिने तो शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघितला. मग विचारलं, "तुझी उतरली?"

"अजून नाही."

"मग मी थांबते," म्हणाली, आणि हात तसाच ठेवून बसली. अर्ध्या तासाने तिला भूक लागली. मी तिला तूप-गूळ-पोळी दिली, तिने ती अख्खी खाल्ली, आणि मी ओट्याशी पाठ करून उभी राहिले, म्हणजे माझं तोंड तिला दिसू नये.

रात्री मुलगा आला. जेवायला बसल्यावर मी सरळ विचारलं, "कुठली झडप?"

त्याचा घास हातात राहिला. सुनेच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं.

"आई, तुला त्रास नको म्हणून आम्ही..."

"माझा त्रास तुझ्या लेकीने पाच आठवडे सांभाळला."

त्याने ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं. झडप आकसलीय, बदलावी लागेल. वय आहे, धोका आहे, पण न करण्यात जास्त आहे. तो बोलत होता आणि त्याचा आवाज लहानपणीसारखा बारीक होत होता. शेवटी म्हणाला, "घाबरलीस का?"

"छे. मला काय धाड भरलीय. एवढी वर्षं..."

नात टेबलाखाली वाकली होती. चमचा पडला असेल असं मला वाटलं.

"बाबा," खालून आवाज आला, "आजीची बोटं बघ."

मी खाली बघितलं. दोन्ही पायांची बोटं खुर्चीच्या आडव्या दांडीला अशी धरून बसली होती, जशी पूर आल्यावर माणसं झाडाला धरतात. बोटं बघायची ही युक्ती मीच तिला मघाशी तूप-गूळ-पोळी वाढताना फुशारकीने सांगितली होती. तोंड आवरायला हवं होतं.

मुलगा खाली वाकला. सूनही वाकली. टेबलाखाली तीन डोकी, आणि वर मी एकटी, आमटीच्या पातेल्यासमोर. आता काय लपवणार? मग मी सांगितलं, एकेक करून. भूल दिल्यावर जाग येणार नाही याची धास्ती वाटते. तिथे अनोळखी माणसांसमोर उघडं पडायची लाज वाटते. मी गेल्यावर शेवंतीला पाणी कोण घालेल याचा घोर आहे. आणि तुम्ही दोघं माझ्यापासून लपवून गुपचूप बोलत होतात, त्याने एकटं पडल्यासारखं झालं. सुनेने टेबलाखालूनच माझ्या पावलावर हात ठेवला.

सोमवारी नात शाळेत गेली. जाताना व्हॅनच्या पायरीवरून ओरडून विचारलं, "आज काय?" मी दारातून ओरडले, "आज नुसती हुरहूर." सगळ्या कॉलनीला कळलं. आता रोजचं झालंय.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. दिवसा मी बरी असते, दुपारी तीनच्या सुमाराला भीती येते. तेव्हा काल मी मळ्यात जाऊन बसले, जिथे सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या तिथे, आणि त्यांना मोठ्याने सांगितलं, आत्याबाई, थोरलं नव्हतं. मला बाजाराची भीती वाटत होती. त्या असत्या तर पाटी माझ्या डोक्यात घातली असती. आणि मग कदाचित दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसल्या असत्या, गंगेवर, त्या पायाने पाटी सरकवणारीच्या समोर. हे मला आत्ता, या वयात सुचतंय.

डॉक्टरीणबाईंनी काल सगळं समजावलं. आत नेताना अंगावर हिरवी चादर घालतात, पायात मोजे घालतात. मी विचारलं, मोजे कशाला? त्या म्हणाल्या, आत थंडी असते आजी. हट्टाने बरोबर आलेल्या नातीने माझ्याकडे बघितलं. मोज्यांतून बोटं दिसणार नाहीत, हे आम्हा दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. म्हणजे तिथे, आत, कुणी विचारलं की कसं वाटतंय, तर मला तोंडानेच सांगावं लागणार.